न मागता आलेलं एआय: काय खरंच बंद होतं आणि काय नुसतं लपतं?

वजाबाकी (धागाकर्ता)

विंडोज ११ चा लॅपटॉप (खोक्यावर 'कोपायलट प्लस' छापलेलं), अँड्रॉइड फोन, जीमेल, व्हॉट्सॲप आणि वर्ड-एक्सेलचं वार्षिक सबस्क्रिप्शन. या पाचही ठिकाणी एआयची बटणं उगवली आहेत आणि त्यातलं एकही मागवलेलं नाही. 'हे सेटिंग लगेच बंद करा' छापाचे फॉरवर्ड ढिगाने येतात, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

जाणकारांना चार प्रश्न:

१. बटण बंद केलं की माहिती जाणं थांबतं, का फक्त बटण दिसेनासं होतं?
२. बंद केल्यावर काय मोडतं? मराठी व्हॉइस टायपिंग गेलेलं चालणार नाही.
३. मोबाइलच्या रिचार्जसोबत येणारी 'फुकट' एआय पॅकेजं घ्यावीत का?
४. भारतात यावर कुठे दाद मागता येते?

'सगळं सोडा, लिनक्स टाका' हे उत्तर माहीत आहे. ते वगळून सांगा.

तळमजला

पहिल्या प्रश्नातच सगळी मेख आहे. 'बंद' या एका शब्दाखाली तीन वेगळे खटके येतात. एक नुसतं बटण लपवतो. दुसरा ती सोयच थांबवतो. तिसरा ठरवतो की तुमचा मजकूर किती दिवस ठेवायचा आणि त्यावर मॉडेल शिकवायचं का. कंपन्या पहिला खटका दारात ठेवतात आणि तिसरा माळ्यावर. फॉरवर्ड एकमेकांशी जुळत नाहीत ते यामुळेच: कोणी पहिल्याबद्दल लिहितो, कोणी तिसऱ्याबद्दल, आणि दोघेही म्हणतात 'बंद केलं'.

आता लॅपटॉप. कोपायलट हे मायक्रोसॉफ्टचं एआय. खोक्यावर 'कोपायलट प्लस' आहे म्हणजे त्यात निदान ४० टॉप्सचा एनपीयू (एआयच्या गणितांसाठीची वेगळी चिप; टॉप्स हे तिच्या वेगाचं माप), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबीची डिस्क आहे. 'रिकॉल' फक्त अशाच मशीनवर चालतं. साध्या लॅपटॉपवाल्यांनी त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही, तुम्ही मात्र बघाच.

रिकॉल म्हणजे काय, तर स्क्रीनचे सतत फोटो काढून त्यातला मजकूर शोधता येईल असा साठवणं. मे २०२४ मध्ये घोषणा झाली तेव्हा ते आपोआप चालू राहणार होतं, आणि वाचलेला मजकूर एसक्यूलाइट या साध्या, कुलूप नसलेल्या डेटाबेस फायलीत पडत होता. सुरक्षा अभ्यासकांनी ती फाइल उघडून दाखवल्यावर जूनमध्ये माघार घ्यावी लागली. एप्रिल २०२५ पासून जे आलं ते तुम्ही होकार दिल्यावरच चालू होतं, साठा एनक्रिप्टेड असतो आणि उघडायला विंडोज हॅलो (चेहरा, बोट किंवा पिनने ओळख पटवणं) लागतं. सुधारणा खरी आहे. पण पहिल्या आराखड्यात ती नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगं.

तपासणी: सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > रिकॉल अँड स्नॅपशॉट्स. तिथे 'सेव्ह स्नॅपशॉट्स' बंद हवं. आधी कधी चालू झालं असेल तर तिथूनच जुने स्नॅपशॉट पुसा. खटका बंद केल्याने पुढचे थांबतात, मागचे राहू शकतात. मुळासकट काढायचं तर स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा, यादीतल्या रिकॉलपुढची खूण काढा आणि मशीन रीस्टार्ट करा. डिस्कवर जागाही मोकळी होते, कारण २५६ जीबीच्या डिस्कवर रिकॉलचा ठरलेला वाटा २५ जीबी असतो, ५१२ वर ७५.

यात एक भोक कोणत्याही सेटिंगने बुजत नाही. तुम्ही बंद केलंत, पण समोरच्याच्या लॅपटॉपवर चालू असेल तर तुमचे मेसेज त्याच्या स्नॅपशॉटमध्ये जातातच. म्हणून सिग्नलने मे २०२५ मध्ये विंडोज ११ वरच्या ॲपची खिडकी स्क्रीनशॉटमध्ये काळी दिसेल अशी सोय केली. त्यासाठी सिनेमाची चोरी रोखायचं तंत्र वापरावं लागलं, दुसरा मार्ग ठेवलेलाच नव्हता.

कोपायलट ॲप मात्र साध्या ॲपसारखं निघतं: सेटिंग्ज > ॲप्स > इन्स्टॉल्ड ॲप्स, नावापुढचे तीन ठिपके, अनइन्स्टॉल. मोठ्या अपडेटनंतर परत डोकावलं का ते बघा. जुन्या लेखांत ग्रुप पॉलिसीतलं (विंडोजच्या प्रशासकी सेटिंग्जमधलं) 'टर्न ऑफ विंडोज कोपायलट' सांगतात. ते कोपायलट पडद्याच्या कडेच्या पट्टीत यायचं त्या जमान्यातलं आहे, आताच्या ॲपला लागू पडत नाही. नोटपॅडमध्ये कोपायलटचा खटका त्याच्याच सेटिंग्जमध्ये आहे. वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > कोपायलट इथली 'एनेबल कोपायलट'ची खूण काढायची. वर्डमध्ये काढली म्हणून एक्सेलमधून जात नाही, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आणि प्रत्येक मशीनवर वेगळी काढावी लागते.

अवांतर: मार्च २०२५ च्या विंडोज अपडेटमधल्या चुकीने काही मशीनवरचं कोपायलट आपोआप अनइन्स्टॉल झालं होतं. कंपनीने त्याची दोष म्हणून नोंद केली. ग्राहकांनी ते वरदान मानलं.

डबलटिक

व्हॉट्सॲपपुरतं बोलतो. मेटा एआय पूर्ण बंद करायचा खटका नाही. जून २०२४ पासून ते भारतात आहे. त्याचा चॅट पुसता, म्यूट करता किंवा अर्काइव्ह करता येतो, पण हे सगळं तळमजला यांच्या पहिल्या खटक्यात मोडतं.

फॉरवर्डमधला मोठा गैरसमज असा की मेटा एआय तुमचे सगळे चॅट वाचतं. माणसामाणसातले मेसेज एंड-टू-एंड एनक्रिप्टेडच आहेत. जे तुम्ही मेटा एआयला लिहिता, किंवा ग्रुपमध्ये कोणी त्याला 'ॲट' लावून हाक मारतो त्या मेसेजमध्ये जे असतं, तेच त्याच्याकडे जातं. धोका नेमका तिथेच आहे. वरची शोधपट्टी आणि एआयला प्रश्न विचारायची पट्टी एकच असल्याने घाईत 'आईचा रिपोर्ट' शोधायला जावं आणि तो प्रश्न म्हणून पाठवला जावा, हे सहज होतं. शोधताना खाली येणारी चॅटची यादी निवडायची. निळं गोल चिन्ह असलेल्या ओळीवर बोट ठेवायचं नाही.

करण्यासारख्या गोष्टी दोन. महत्त्वाच्या ग्रुपवर 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करा: ग्रुपच्या नावावर टॅप करून खाली सरका. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या सोयीने चॅट एक्सपोर्ट होत नाही, फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत आणि त्या ग्रुपमधले मेसेज एआयच्या सोयींना वापरता येत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र थांबत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लावलंत तर हिशेबाच्या पीडीएफ प्रत्येकाला हाताने उतरवाव्या लागतील, तक्रारी ऐकायची तयारी ठेवा.

दुसरं म्हणजे आधी मेटा एआयशी गप्पा झाल्या असतील, तर त्याच चॅटमध्ये तिरकी रेघ देऊन 'रीसेट-एआय' हा हुकूम इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून पाठवा. नुसता चॅट पुसण्यापेक्षा हे बरं, कारण हा हुकूम कंपनीकडच्या प्रतीसाठी आहे. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा आपल्या एआयशी झालेल्या गप्पांवरून जाहिराती आणि पोस्टची निवड करतं. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यातून वगळले. भारत वगळलेला नाही. गुडघेदुखीबद्दल विचारलंत की तेलाच्या जाहिराती येतील, एवढं गृहीत धरून काय विचारायचं ते ठरवा.

अर्धाकप

तळमजला यांच्याशी सहमत, पण जीमेलबद्दल जरा उलटा सूर लावतो. संशय हवा, पण तो नेमका हवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी फिरली की गूगल सगळ्यांच्या मेलवर जेमिनीला, म्हणजे आपल्या एआयला, शिकवतं आहे. गूगलने इन्कार केला आणि बातमीला हवा देणाऱ्या सुरक्षा कंपनीने आपला लेख दुरुस्त केला. मुळात गोंधळ 'स्मार्ट फीचर्स' या जुन्याच सेटिंगच्या नव्या शब्दरचनेमुळे झाला होता. फॉरवर्ड अजून तोच फिरतोय.

सेटिंग दोन ठिकाणी आहे. संगणकावर जीमेल > सी ऑल सेटिंग्ज > जनरल, खाली 'स्मार्ट फीचर्स' ही एक खूण. त्याच्याच खाली 'गूगल वर्कस्पेस स्मार्ट फीचर्स' असा वेगळा दुवा, त्यात आणखी दोन खटके. युरोप, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये हे मुळातच बंद असतं. आपल्याकडे मुळातच चालू. यावरून कोणाला कोणाच्या कायद्याची भीती वाटते ते कळतं.

बंद केलंत तर काय जातं? प्रायमरी, प्रमोशन्स, सोशल हे कप्पे जातात आणि सगळी टपाल एका ढिगात येते. वाक्य पुरं करून देणं, शुद्धलेखनाची खूण, विमानाच्या तिकिटावरून कॅलेंडरमध्ये आपोआप होणारी नोंद, पार्सल कुठवर आलं ते दाखवणं, हेही जातं. स्पॅम आणि फसव्या मेलची चाळणी शाबूत राहते. माझा आक्षेप इथेच आहे: दहा वर्षांपूर्वीचे कप्पे आणि कालपरवाचं जेमिनी एकाच खटक्याला बांधलं, म्हणजे कप्प्यांच्या लोभाने माणूस खटका चालूच ठेवतो. ज्याला रोज शंभर जाहिराती येतात त्याने पहिली खूण राहू द्यावी आणि वर्कस्पेसमधले दोन्ही बंद करावेत. ड्राइव्ह-डॉक्समधला मजकूर चाळून उत्तरं देणं त्याने थांबतं आणि कप्पे वाचतात.

फोनवर: जेमिनी ॲप > प्रोफाइलचा फोटो > 'कीप ॲक्टिव्हिटी' (पूर्वीचं नाव जेमिनी ॲप्स ॲक्टिव्हिटी). हा तिसरा खटका, सगळ्यात महत्त्वाचा. चालू असेल तर गप्पा १८ महिने राहतात, आणि त्यातल्या ज्या माणसांनी तपासल्या त्या खात्यापासून वेगळ्या करून ३ वर्षांपर्यंत. तुम्ही नंतर इतिहास पुसलात तरी या तपासलेल्या पुसल्या जात नाहीत. बंद केलंत तरी ७२ तास राहतातच. त्यानंतर 'कनेक्टेड ॲप्स'मध्ये जाऊन फोन, मेसेजेस, व्हॉट्सॲप यांची जोडणी तोडा. जुलै २०२५ पासून ॲक्टिव्हिटी बंद असली तरी जेमिनी या ॲपमधली कामं करू शकतं, म्हणून हे वेगळं करावं लागतं.

पॉवरचं बटण दाबून धरल्यावर जेमिनी येत असेल तर सेटिंग्ज > सिस्टिम > जेस्चर्समध्ये ते परत पॉवर मेन्यूवर आणता येतं. सॅमसंगमध्ये हे ॲडव्हान्स्ड फीचर्स > साइड बटण असं सापडेल, आणि तिथे गॅलेक्सी एआयच्या पानावर 'प्रोसेस डेटा ओन्ली ऑन डिव्हाइस' हा खटका आहे. तो चालू केला की ज्या सोयींना सर्व्हर लागतो त्या बंद पडतात. कोणती सोय कुठे चालते हे तपासायची याहून सोपी युक्ती नाही.

मराठी व्हॉइस टायपिंगची काळजी नको. जीबोर्डमध्ये (गूगलचा कीबोर्ड) बोलून लिहायला जेमिनी ॲप लागत नाही.

गूगल शोधातला वरचा एआय सारांश बंद करायचं अधिकृत सेटिंग नाही. निकालांच्या वर 'वेब' नावाचा पर्याय असतो (बऱ्याचदा 'मोअर'खाली दडलेला), तो निवडला की फक्त दुवे येतात. कायमचं करायचं तर क्रोमच्या सर्च इंजिनच्या सेटिंग्जमध्ये नवीन साइट सर्च जोडायचा आणि गूगल शोधाच्या पत्त्याच्या शेवटी अँपरसँड, यूडीएम ही तीन इंग्रजी लहान अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजी आकड्यांत १४ असं लिहायचं. मग तोच डीफॉल्ट करायचा.

पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद लावा, हा सल्ला या सारांशाने मे २०२४ मध्ये अमेरिकेत दिला होता. उगम एका जुन्या थट्टेच्या पोस्टमध्ये. त्याला हसता तरी येतं. ग्राहकसेवेचा फोन नंबर विचाराल तेव्हा चूक महागात पडते, कारण भामट्यांनी ठिकठिकाणी पेरलेला नंबर सारांशात ठळक अक्षरांत येऊ शकतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या ॲपमधूनच घ्या.

वजाबाकी

भरपूर मिळालं. चॅटजीपीटीचं राहिलं, आणि तिसरा-चौथा प्रश्न शिल्लक आहे.

पावतीजपून

चॅटजीपीटी: सेटिंग्ज > डेटा कंट्रोल्स > 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' बंद. पुसलेल्या गप्पा ३० दिवसांत काढून टाकतो असं कंपनी सांगते. पण २०२५ मध्ये एका वृत्तपत्राने या कंपनीवर (ओपनएआय) लावलेल्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने काही महिने पुसलेल्या गप्पाही जपायला लावल्या होत्या. तिसरा खटका कंपनीच्या हातात असतो आणि कंपनी न्यायालयाच्या. पॅन, आधार, रिपोर्ट यांचे फोटो चढवू नयेत ते याचसाठी.

फुकट ऑफरींचं. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो (एआयवर चालणारी शोधसेवा) १२ महिने दिलं, ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने गूगल एआय प्रो १८ महिने, आणि ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो वर्षभर मोफत. तिन्हीकडे 'फुकट'चा अर्थ वेगळा आहे.

जिथे नोंदणी करतानाच यूपीआय किंवा कार्ड मागतात, तिथे तुम्ही ऑटोपेचा मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, देता. चॅटजीपीटी गोच्या ऑफरमध्ये असंच होतं. मुदत संपली की ३९९ दर महिन्याला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याआधी निदान २४ तास सूचना यायलाच हवी, पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. सूचना एसएमएसच्या गर्दीत हरवते आणि पैसे जातात. म्हणून नुसतं ॲप काढून टाकू नका, त्याने मॅन्डेट मरत नाही. आधी कंपनीच्या खात्यातून सबस्क्रिप्शन रद्द करा, मग यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइल > ऑटोपे इथे जाऊन मॅन्डेट रद्द करा. दोन्हीकडचे स्क्रीनशॉट ठेवा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर रद्द करायची जागा प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन्समध्ये.

जिओ-गूगलच्या पॅकेजमधला खरा गळ म्हणजे सोबत मिळणारी भरपूर जागा (घोषणेच्या वेळी २ टीबी). दीड वर्षात फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून ५०-६० जीबी सहज भरतात. मुदत संपली की मर्यादा पुन्हा १५ जीबी. त्यावर भरलेलं असेल तर फोटोंचा बॅकअप तर थांबतोच, जीमेलवर नवीन मेल येणंही बंद होतं, आणि दोन वर्षं तसंच राहिलं तर मजकूर पुसला जाऊ शकतो. ऑफर घ्यायची तर खुशाल घ्या, पण साठा १५ जीबीच्या आतच ठेवा, नाहीतर पुढे भाडं भरत बसावं लागेल.

वर्ड-एक्सेलच्या सबस्क्रिप्शनबद्दल एक गोष्ट माहीत असावी. मायक्रोसॉफ्टने त्यात कोपायलट घालून दर वाढवला. ऑस्ट्रेलियात पर्सनल योजना १०९ वरून १५९ डॉलर झाली, म्हणजे जवळपास ४६ टक्के वाढ. कोपायलटविना जुन्या दराची 'क्लासिक' योजना होती, पण ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांत तिचा उल्लेखच नव्हता. रद्द करायला निघालं की मगच ती दिसायची. तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये यावरून दावा लावला, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने माफी मागून परताव्याची तयारी दाखवली. तुमच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की खात्याच्या पानावर 'कॅन्सल सबस्क्रिप्शन' दाबून पुढच्या पडद्यावर काय दाखवतात ते बघा. शेवटची पुष्टी दिल्याशिवाय काही रद्द होत नाही. क्लासिक दिसली तर घ्या, नाही दिसली तर खिडकी बंद करा.

कलमदान

चौथा प्रश्न. दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ होते.

माहितीचा कायदा: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. त्यानंतर संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे (कलम ६), आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. मोठं छिद्र कलम ३ मध्ये आहे: जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केली तिला हा कायदा लागूच नाही. फेसबुकवरची 'पब्लिक' पोस्ट त्यात जाते. युरोपात मेटाला हरकतीचा अर्ज ठेवावा लागला, इथे तसा आधार नाही. त्यामुळे जुन्या पोस्टी 'फ्रेंड्स'वर आणणं हाच मार्ग: फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'लिमिट पास्ट पोस्ट्स' एकदम करतं. आधी शिकवून झालेलं मॉडेल त्याने विसरत नाही. आणि हो, खोटी किंवा पोकळ तक्रार केल्यास १० हजारांपर्यंत दंड नागरिकालाही या कायद्यात आहे. मसुदा लिहिताना याची आठवण ठेवा.

ग्राहक कायदा: इथे आजही दाद मिळते, पण मोबदला दिलेला असावा लागतो. फुकटच्या व्हॉट्सॲपबद्दल ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड. पैसे भरलेल्या सबस्क्रिप्शनबद्दल सोपं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी पडद्यावरची रचना) मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार आहेत. एआयच्या संदर्भात त्यातले चार कामाचे: सबस्क्रिप्शनचा सापळा, सक्तीची कृती, सतत टोचणी आणि सॉफ्टवेअरची छुपी वसुली. तक्रारीत 'फसवलं' असं मोघम न लिहिता या प्रकाराचं नाव लिहा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. सोबत जुना दर, नवा दर, रद्द करण्याच्या प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट आणि तारखा. तिथे तड लागली नाही तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही.

सगळंच वांझोटं असतं असं नाही. 'मान्य करा नाहीतर ॲप सोडा' या २०२१ च्या व्हॉट्सॲप धोरणावरून स्पर्धा आयोगाने मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटींचा दंड केला आणि अपिलात तो टिकला. माहिती वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र अपिलात उडाली.

स्क्रूड्रायव्हर_७

धाग्याला किंचित सोडून. दुकानात आता वॉशिंग मशीन आणि एसीवरही 'एआय' लिहितात. बहुतेक मशीनमध्ये ते असं चालतं: सुरुवातीला कोरडे कपडे ड्रममध्ये थोडे फिरवतात, मोटरला किती जोर लागला त्यावरून वजनाचा अंदाज, आणि त्यावरून पाणी नि वेळ. नव्वदच्या दशकात यालाच 'फझी लॉजिक' म्हणत. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: वायफायविना, ॲपविना ही सोय चालते का? चालत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण त्या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

वजाबाकी

रिकॉल, कोपायलट, जेमिनी ॲक्टिव्हिटी बंद केलं. सोसायटीच्या ग्रुपला हात लावला नाही. शेवटचं एक: कीबोर्डवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची किल्ली आहे. ॲप काढलं तरी किल्ली तिथेच.

तळमजला

सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टेक्स्ट इनपुटमध्ये ती 'सर्च'वर वळवता येते. उजवा कंट्रोलच हवा तर मायक्रोसॉफ्टचंच मोफत पॉवरटॉइज घ्या. ती किल्ली मुळात विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ अशी तिघांची जोडणी पाठवते, म्हणून कीबोर्ड मॅनेजरमध्ये 'रीमॅप अ की' नको, 'रीमॅप अ शॉर्टकट' घ्या. एवढं करूनही ती दाबून धरल्यावर प्रत्येक प्रोग्रॅममध्ये खऱ्या कंट्रोलसारखी वागेलच असं नाही. एक्सेलमध्ये तपासून बघा.